निर्जंतुकतेचा दाखला

दुसरे महायुद्ध संपून अमेरिकेतील मध्यमवर्गाच्या हातात चार पैसे खुळखुळू लागले, त्या सुबत्तेच्या काळात तेथील स्वस्त जिनसांच्या भांडारांतून, रंगीत पेन्सिली, रिबिनी आणि गोळ्यांच्या बरण्या यांच्या शेजारी, एक सजीव जिन्नसही किरकोळ किमतीला विकावयास ठेवलेला असे. इंच-सव्वा इंच पाठीचे, पोपटी रंगाचे, डोळ्यामागे तांबडा ठसठशीत पट्टा असलेले ते कासवाचे पिल्लू. त्याच्यासोबत प्लास्टिकची एक उथळ थाळी, थाळीत एक बेट आणि बेटावर प्लास्टिकचेच एक ताडाचे झाड. कुत्र्याला अंगण लागते आणि मांजर घराबाहेरचे सोयरसंबंध सांभाळून असते. कासव मात्र भुंकत नाही, ओरबाडत नाही, त्याच्या केसांनी कोणाला शिंका येत नाहीत आणि घरमालकासही त्याची हरकत नसते, म्हणून मुलाचा हट्ट पुरविण्याचा सर्वांत निरुपद्रवी मार्ग तोच, असे लक्षावधी आईबापांना वाटले. त्यांतील पुष्कळशी पिल्ले अयोग्य आहाराने आणि थंडीने काही महिन्यांतच मरत, आणि मेलेल्याच्या जागी दुसरे आणले जाई. या व्यापाराची भरभराट बऱ्याच अंशी याच मृत्यूंवर चालली होती, हे कोणी बोलून दाखवीत नसे.

ही पिल्ले येत ती मुख्यतः ल्युइझियाना राज्यातून. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील दमट, सखल, दलदलीच्या त्या मुलखात शेतकऱ्यांनी तळी खोदून त्यांत प्रौढ माद्या पाळल्या होत्या. तळ्याकाठच्या मातीत त्या अंडी घालीत, ती उकरून गोळा करावयाची, उबवावयाची आणि पिल्ले बाहेर पडली की खोक्यांत भरून देशोदेशी रवाना करावयाची, असा हा उद्योग. आपल्याकडे कोकणात जसा आंब्याचा हंगाम, तसा तिकडच्या काही गावांत कासवांच्या अंड्यांचा. त्यावर घरे उभी राहिली, मुले शिकली, कर्जे फिटली. तेव्हा पुढे जे घडले ते केवळ लोभी माणसांचे कारस्थान होते असे समजणे अन्यायाचे होईल.

1960 च्या दशकात अमेरिकेतील आरोग्यखात्याच्या अंमलदारांच्या ध्यानात एक गोष्ट येऊ लागली. लहान मुलांना होणारे ताप आणि रक्तमिश्रित जुलाब, ज्यांच्या मुळाशी साल्मोनेला नावाचा जीवाणू असतो, त्यांचा माग काढीत गेले की तो नासलेल्या अंड्याशी किंवा कच्च्या मांसाशी न थांबता पुष्कळदा त्या प्लास्टिकच्या थाळीपाशी येऊन थांबे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला हा रोग नसतो, तो तेथील जुना रहिवासी असतो. सरडे, साप, कासवे यांच्या पोटात तो वर्षानुवर्षे सुखेनैव नांदतो, यजमानास यत्किंचितही त्रास देत नाही, आणि विष्ठेवाटे बाहेर पडतो तोही नियमाने नव्हे. आज पडेल, चार दिवस पडणार नाही, आणि प्रवासाचा, उपासाचा किंवा गर्दीचा ताण आला की एकदम मोठ्या संख्येने पडू लागेल. म्हणूनच एका दिवशीच्या तपासणीत जंतू न आढळणे याचा अर्थ प्राणी निर्जंतुक आहे असा होत नाही, त्या दिवशी तो सापडला नाही इतकाच होतो. ही एक बाब वाचकांनी पुढील सर्व हकिकतीसाठी लक्षात ठेवावी.

थाळीतील पाणी म्हणजे अर्थातच त्या विष्ठेचा काढा. मूल त्यात हात घालते, तो हात तोंडात घालते, कधी पिल्लूच तोंडात घालते. आणि आई थाळी धुते ती स्वयंपाकघरातल्या मोरीत, जेथे तिच्या तान्ह्याची दुधाची बाटलीही धुतली जाते. 1970-71 च्या सुमाराच्या आकडेवारीवरून तज्ज्ञांनी असा अंदाज बांधला की कासवांमुळे अमेरिकेत वर्षाकाठी सुमारे 2,80,000 लोकांना साल्मोनेलाची बाधा होते, आणि देशातील या रोगाच्या एकंदर प्रकरणांपैकी हा वाटा 14 टक्के भरतो. सरकारने प्रथम मवाळ उपाय करून पाहिला: 1972 मध्ये असा हुकूम निघाला की साल्मोनेलामुक्त असल्याचा दाखला असल्याविना कासवे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठविता येणार नाहीत. दाखले मिळू लागले, कासवे जाऊ लागली, मुले आजारी पडतच राहिली. तेव्हा 1975 मध्ये अन्न व औषध प्रशासनाने चार इंचांहून कमी लांबीच्या पाठीच्या कासवांच्या विक्रीवर सरसकट मनाई केली. चारच इंच का, तर त्याहून मोठे कासव मुलाच्या तोंडात मावत नाही. सरकारी फर्मानांच्या इतिहासात इतका साधा, इतका घरगुती आणि तरीही इतका परिणामकारक निकष विरळाच. या मनाईने मुलांमधील लाखभर आजार वर्षाला टळले, असे पुढे हिशेब करणाऱ्यांनी सांगितले आहे.

तथापि या मनाईला एक मुभा जोडलेली होती. शिक्षण, संशोधन आणि प्रदर्शन यांसाठी लहान कासवे विकता येत, आणि परदेशी पाठविण्यास तर अजिबात हरकत नव्हती. आपल्या मुलांना जे घातक ठरले ते दुसऱ्यांच्या मुलांना विकण्यास कायद्याने आडकाठी नसावी, यात त्या काळी कोणास काही विपरीत वाटले नसावे. 1989 ते 1997 या काळात अमेरिकेतून या जातीची 5 कोटी 20 लाखांहून अधिक कासवे परदेशी गेली. मात्र ग्राहक देशांची सरकारेही काही आंधळी नव्हती. माल स्वच्छ असल्याचा पुरावा मागितला जाई, आणि तो पुरावा निर्माण करण्याची जबाबदारी शेवटी बॅटन रूज येथील ल्युइझियाना राज्य विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांवर येऊन पडली.

त्यांतील प्रमुख रोनाल्ड सीबलिंग. त्यांच्यापुढचा प्रश्न कठीण होता. अंडे मादीच्या ज्या मार्गातून बाहेर पडते त्याच मार्गाने विष्ठाही पडते, त्यामुळे कवच मुळातच दूषित. शिवाय कवचाला सूक्ष्म रंध्रे असल्याने जंतू आत शिरलेला असण्याचा संभव. म्हणजे वरून कितीही धुतले तरी आतला शत्रू शाबूत. त्यांनी जी युक्ती योजली ती बुद्धिमत्तेची साक्ष देणारी आहे. अंडी क्लोरिनच्या पाण्याने धुवावयाची, मग प्रतिजैविकाच्या द्रावणात बुडवून बंद भांड्यातील हवा काढून घ्यावयाची, म्हणजे अंड्यातील हवेचा थोडा अंश रंध्रांवाटे बाहेर पडतो. आणि दाब पूर्ववत केला की ते द्रावण त्याच रंध्रांतून आत ओढले जाते. आरंभी टेरामायसिन आणि क्लोरोमायसेटिन वापरून पाहिली गेली. अखेर निवड पक्की झाली ती जेंटामायसिनची. 1984 मध्ये सीबलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष शेतांवरील अंड्यांवर हा प्रयोग करून निघालेल्या पिल्लांत साल्मोनेला आढळत नसल्याचा निर्वाळा दिला. व्यापारी संतुष्ट झाले, राज्य सरकारने ही प्रक्रिया आणि नमुना-तपासणी यांची कायदेशीर चौकट बांधली, आणि प्रत्येक खेपेबरोबर निर्जंतुकतेचा दाखला रुजू होऊ लागला.

येथपर्यंतची हकिकत वाचणाऱ्यास सीबलिंग यांचे कौतुकच वाटेल, आणि ते अनाठायी नाही. परंतु अंडी बुडविली जात ती प्रयोगशाळेतील काचपात्रात नव्हे, तर शेतावरच्या शेडमध्ये, हंगामामागून हंगाम, लक्षावधींच्या संख्येने. वापरलेले द्रावण शेवटी मातीतच मुरावयाचे. काही अंड्यांत औषध पुरेसे शिरावयाचे, काहींत अपुरे. आणि जेथे अपुरे शिरले तेथे जे जीवाणू वाचले ते नेमके तेच, ज्यांना या औषधाशी सामना करण्याची काही ना काही विद्या अवगत होती. दुसरीकडे दाखला दिला जाई तो पिल्लू अंड्यातून बाहेर पडतानाच्या अवस्थेचा. औषधाच्या प्रभावाने जंतू दबलेला असतानाच तपासणी होई, पिल्लू खोक्यात बसून समुद्रापार जाई, प्रवासाच्या ताणाने आणि नव्या पाण्यात औषधाचा अंमल ओसरला की दबलेला जंतू पुन्हा डोके वर काढी. दाखल्यावरचा शिक्का खरा, तपासनीसाची सही खरी, आणि कासव पूर्वीइतकेच दूषित.

1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने पोर्टो रिकोतील मुलांच्या आजाराचा संबंध या जागतिक कासव-व्यापाराशी जोडून दाखविला. 1990 मध्ये कॅनडातील सरकारी शास्त्रज्ञांनी ल्युइझियानाहून आलेल्या कासवांच्या अंड्यांच्या खेपा तपासून जे प्रसिद्ध केले ते अधिक गंभीर होते. या खेपांत साल्मोनेला तर होताच, पण सापडलेल्या जंतूंपैकी बहुतेक जेंटामायसिनला जुमानत नव्हते. औषधाने जंतू गेला नव्हता. औषधाला पुरून उरणारा जंतू मात्र घडला होता. आणि 2006 मध्ये अमेरिकेतील एका प्रतिष्ठित सूक्ष्मजीवशास्त्रीय नियतकालिकात ल्युइझियानातील पाळीव कासवांच्या जीवाणूंवर एक निबंध आला, त्यात असे सिद्ध केले होते की जेंटामायसिनविरोधी ही शक्ती केवळ साल्मोनेलात नसून आतड्यातील इतरही जीवाणूंत पसरली आहे आणि तिचे वास्तव्य प्लाझ्मिडवर आहे. या निबंधाच्या लेखकांत एक नाव रोनाल्ड सीबलिंग यांचे होते. ज्याने उपाय शोधला त्यानेच त्या उपायाच्या पराभवाचे बयान स्वहस्ते नोंदवावे, याला विज्ञानाचा प्रामाणिकपणा म्हणतात. सरकारदरबारी तो क्वचितच पाहावयास मिळतो.

प्लाझ्मिड म्हणजे जीवाणूच्या मुख्य गुणसूत्राव्यतिरिक्त असलेले जनुकद्रव्याचे एक लहानसे कडे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस जपानी शास्त्रज्ञांना अतिसाराच्या जंतूंचा अभ्यास करताना आढळले की एका जातीचा जीवाणू दुसऱ्या जातीच्या जीवाणूस औषधप्रतिकाराची शक्ती हस्तांतरित करू शकतो. ती हस्तांतरित होते याच कड्यांच्या द्वारा. म्हणजे वारसा केवळ बापाकडून लेकाकडे जात नाही, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडेही जातो, आणि एकाच कड्यावर पुष्कळदा चार-पाच निरनिराळ्या औषधांविरुद्धची शस्त्रे एकत्र बांधलेली असतात. 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शास्त्रज्ञ स्टुअर्ट लेव्ही यांनी मॅसॅच्युसेट्समधील एका शेतावर कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन मिसळून पाहिले, तेव्हा आधी कोंबड्यांच्या आणि काही महिन्यांत त्या शेतकरी कुटुंबातील माणसांच्या आतड्यांतही त्या औषधाला दाद न देणारे जीवाणू आढळले होते. त्या माणसांनी स्वतः औषध घेतलेले नव्हते. कासवांच्या अंड्यांवर औषध ओतणे सुरू झाले ते या प्रयोगाच्या सुमारासच. इशारा नव्हता असे म्हणण्याची सोय नाही.

कासव-उत्पादकांच्या बाजूने एक मुद्दा मांडता येतो आणि तो ऐकून घेतला पाहिजे. माणसाला साल्मोनेलाची गंभीर बाधा झाली तर डॉक्टर जेंटामायसिन देतच नाहीत; हा जंतू पेशींच्या आत लपतो आणि हे औषध तेथवर नीट पोहोचत नाही, म्हणून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी औषधे वापरली जातात. मग जे औषध या रोगावर चालतच नाही ते निकामी झाले तर कोणाचे काय बिघडले? हा युक्तिवाद वकिली थाटाचा आहे. जेंटामायसिन साल्मोनेलावर वापरले जात नसले तरी इ. कोलाय, क्लेब्सिएला आदी त्याच्या भाऊबंदांवर ते वापरले जाते, आणि प्लाझ्मिड भाऊबंदांत वाटप करते हे तर वर सांगितलेच. त्या भाऊबंदांपासून जेंटामायसिन कोणाला वाचविते, हे पाहण्यासाठी ल्युइझियाना सोडून आपल्या गडचिरोलीत यावे लागेल.

1990 च्या दशकात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील 39 गावांत जो प्रयोग केला तो आज जगभरच्या वैद्यकीय अभ्यासक्रमांत सांगितला जातो. नवजात बालकांच्या मृत्यूचे एक मोठे कारण जंतुदोष. रुग्णालय दूर, वाट जंगलाची, आणि बाळंतिणीला व तान्ह्याला घराबाहेर न काढण्याची रूढी. तेव्हा गावातीलच स्त्रियांना शिकवून ‘आरोग्यदूत’ बनविण्यात आले. त्यांनी घरोघर जाऊन बाळाचे वजन करावे, श्वास मोजावा, दूध ओढते की नाही ते पाहावे, आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच आईबापांच्या संमतीने घरच्या घरी जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यावे व सोबत को-ट्रायमॉक्साझोल पाजावे, अशी तजवीज होती. अल्पशिक्षित बाईने तान्ह्याला सुई टोचावी, या कल्पनेनेच अनेक वैद्यकतज्ज्ञांच्या भुवया उंचावल्या. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले होते, आणि जंतुदोष झालेल्या बालकांतील मृत्यू शेकडा 16.6 वरून 2.8 वर आले होते. 2014 मध्ये केंद्र सरकारने, ज्या तान्ह्याला रुग्णालयात नेणे शक्य नाही त्याला परिचारिकेने जेंटामायसिन टोचावे, अशा मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांच्या मागे हा पूर्वेतिहास आहे.

हे औषध निवडले गेले त्यामागे काही दिमाख नव्हता. 1963 मध्ये शेरिंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ते मिळविले. ते स्वस्त आहे, नेहमीच्या तापमानात टिकते, दिवसातून एकदोनदा देऊन भागते, आणि मूत्रपिंडाला व श्रवणशक्तीला असलेला त्याचा धोका मात्रा सांभाळली तर आवाक्यात राहतो. ज्याच्या गावाला डांबरी रस्ता नाही अशा बाळासाठी जगातल्या औषधांच्या भांडारात जी थोडी हत्यारे आहेत त्यांत हे एक. आणि हेच औषध एक खेळणे समुद्रापार विकता यावे म्हणून वर्षानुवर्षे हंडे भरभरून ओतले गेले. औषधाची परिणामकारकता ही गावच्या गायरानासारखी सार्वजनिक मालमत्ता आहे. ती वापरून संपविण्याचा हक्क कोणा एका धंद्याला कोणत्याही सरकारने कधी दिला नव्हता, आणि तरीही कोणी हिशेब विचारला नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. भारतातील नवजात कक्षांत आज जेंटामायसिन पूर्वीसारखे चालत नाही याचे खापर कोणी ल्युइझियानाच्या कासवांवर फोडू नये. दिल्लीतील तीन रुग्णालयांत झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जंतुदोषाच्या नवजात बालकांमधील अ‍ॅसिनेटोबॅक्टरपैकी 82 टक्के, क्लेब्सिएलापैकी 54 टक्के आणि इ. कोलायपैकी 38 टक्के जंतू अनेक औषधांना एकाच वेळी दाद देत नसल्याचे आढळले. त्याची कारणे आपल्या रुग्णालयांच्या स्वच्छतेत, औषधाच्या दुकानांत आणि सांडपाण्यात आहेत. कासवांचे प्रकरण त्या महानदीला मिळणारा एक लहान ओढा. पण त्याचा उगम, प्रवाह आणि संगम दस्तऐवजांनिशी दाखविता येतात, म्हणून ते अभ्यासनीय.

ल्युइझियानातील शेतकऱ्यांनी पुढे मनाई उठवावी म्हणून न्यायालयाचे दार ठोठावले, आणि त्याच विद्यापीठातील पशुवैद्यकांनी प्रतिजैविकाऐवजी जलतरण तलावात वापरतात तसल्या जंतुनाशकाने अंडी धुण्याचे प्रयोगही केले, जी सुबुद्धी आधी सुचली असती तर बरे झाले असते. मनाई अजून कायम आहे, आणि चोरटी विक्रीही. 2007 च्या आरंभी फ्लोरिडात चार आठवड्यांचे एक अर्भक साल्मोनेलाने दगावले. घरात एक छोटे कासव होते, आणि बाळाच्या व कासवाच्या शरीरातील जंतू एकच निघाला. हल्ली कासवाची जागा दाढीवाला ऑस्ट्रेलियन सरडा घेत आहे. 2012 ते 2014 या काळात अमेरिकेत त्या सरड्यांपासून दीडशेहून अधिक लोकांना साल्मोनेलाच्या एका दुर्मीळ प्रकाराची बाधा झाली, आणि तपासलेल्या नमुन्यांत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला न जुमानणारा जंतूही सापडला. म्हणजे या वेळी वकिली युक्तिवादालाही जागा उरली नाही, कारण साल्मोनेलावर प्रत्यक्ष वापरावयाचे औषध ते हेच.

आपल्याकडे कासव देवळाच्या सभामंडपात दगडाचे असते तोवर ठीक होते. गेल्या काही दशकांत भाग्यवृद्धीच्या नव्या शास्त्रांनी ते जिवंतपणी दिवाणखान्यात आणले. बहुतेक देशी कासवांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण असल्याने दुकानदारांनी तांबड्या पट्ट्याचे हे परदेशी पिल्लू पुढे केले, आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपासून जिल्ह्याच्या गावातील मत्स्यालयांपर्यंत ते उघडपणे विकले गेले. दुकानदार सांगतो की हे एवढेच राहते. वस्तुतः ते ताटाएवढे होते आणि पंचवीस-तीस वर्षे जगते. मग कंटाळलेला मालक पुण्य म्हणून ते गावच्या तळ्यात सोडतो, आणि तेथे ते देशी कासवांच्या तोंडचा घास काढून घेते. युरोपीय संघाने 1997 मध्ये त्याची आयात थांबविली, जपानने 2023 पासून त्याची विक्री आणि मोकळे सोडणे बंद केले. आपल्याकडे त्याच्या पोटातील जंतूंची नियमित मोजदाद ठेवणारे सरकारी खाते नाही, आणि मत्स्यालयाच्या दुकानात ‘पाणी स्वच्छ राहते’ म्हणून प्रतिजैविकाची पिवळी पूड मागितली तर चिठ्ठी मागण्याची पद्धतही नाही. अंड्यांवर झाले तेच टाकीत होऊ शकते. फक्त शेत घराच्या आत आलेले असते.

तेव्हा ज्यांच्या घरात पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री, वृद्ध अथवा रोगाने दुबळा झालेला माणूस आहे, त्यांनी कासव, सरडा वा साप पाळण्यास आणू नये. आधीच आणले असेल तर त्याची टाकी स्वयंपाकघरातील मोरीत धुऊ नये, हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, पाण्यात कोणतेही प्रतिजैविक घालू नये, आणि नको झाले म्हणून तळ्यात सोडण्याऐवजी वनखात्याला किंवा प्राणी सांभाळणाऱ्या जाणत्या संस्थेला विचारावे. आणि तान्ह्याला ताप आला, जुलाब लागले, बाळ दूध ओढीनासे झाले, तर त्याला डॉक्टरांकडे नेताच घरात कासव आहे हे सांगावे. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे.